तेहतीस मिनिटांची बाजू

१८ नोव्हेंबर

ही डायरी मोबाइल कव्हरच्या डीलरनं दोन वर्षांपूर्वी दिलेली, त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे आहेत. चालेल, मला कुठे कोर्टात दाखवायची आहे! मीनानं विचारलं, "काय लिहिताय एवढं?" म्हटलं, दुकानाचं. झालं, पहिल्याच पानाला बायकोशी खोटं.

आज दुकानात एक मुलगी आली. मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच बसवत होतो आणि द्वारकेच्या धुळीचा एक कण नेमका काचेखाली जाऊन बसला होता, म्हणून आधीच वैतागलेलो. ती म्हणाली, "काका, कुंदन म्युझिक सेंटर हेच का?" म्हटलं, बाई, ती पाटी उतरवून वीस वर्षं झाली. आता इथे चार्जर मिळतात. तर ती लागली हसायला.

स्नेहल नाव. नाशिक रोडला राहते, वय असेल अठ्ठावीस. नोकरी सांभाळून दोन मैत्रिणींबरोबर जुनी, विसरलेली गाणी शोधते आणि काळ्या तबकड्यांवर काढते. लोक पुन्हा तबकड्या विकत घेतात म्हणे. घेवोत बापडे. मग तिनं पिशवीतून एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली आणि माझ्या हातातली काच खाली पडली.

'रविवार कारंजा'. दगडफूल बँडची पहिली कॅसेट, १९८९. मागच्या बाजूला बारीक अक्षरात: 'भरून देणार – कुंदन म्युझिक सेंटर, द्वारका, नाशिक'.

दगडफूल आज कोणाला माहीत नाही? चंदर आता केस पांढरे झाले तरी गिटार गळ्यात अडकवून पुण्या-मुंबईची मैदानं भरवतो. पण लोक त्यांना ओळखतात ते दुसऱ्या कॅसेटपासून. पहिली कोणी ऐकलीच नाही. तिच्यात चंदर गात नव्हता, छाया गात होती.

स्नेहलला मूळ कॅसेट हवी आहे, जिच्यावरून मी बाकीच्या भरल्या ती. स्टुडिओनं मोठी रिळं तेव्हाच पुसून दुसऱ्याला वापरली होती. चंदरकडे काही नाही. "तुमच्याकडे असेल का, काका?"

"नाही."

माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आहे. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली.

नसेल तर दुकानात विकलेल्या कॅसेटवरूनच साफसूफ करून काढू, म्हणाली. वीस जानेवारीला तबकडीच्या कारखान्याला पाठवायची आहे. म्हणजे जे मी केलं ते आता काळ्या तबकडीवर कायमचं होणार.

२० नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. नाहीतर या डायरीचा उपयोग काय?

आम्ही कॅसेटवाले सगळेच एक चलाखी करायचो. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटचा ठोक माल पडून असायचा. तिच्या एका बाजूला फार तर एकतीस मिनिटं मावतात. कोणाचं कीर्तन तेहतीस मिनिटांचं निघालं तर? नव्वदची कॅसेट महाग. मग ज्या मशीनवर मूळ कॅसेट वाजायची, त्याच्या मोटरमागे एक बारका स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की मूळ कॅसेट जोरात पळते आणि तेहतीस मिनिटं एकतिसात बसतात. बुवा जरा घाईत वाटायचे, आवाज किंचित बारीक व्हायचा. एकानंही कधी तक्रार केली नाही. उलट एक बुवा म्हणाले, माझा आवाज तरुण झाला!

चंदरनं 'रविवार कारंजा'ची मूळ कॅसेट आणून दिली तेव्हा दोन्ही बाजू तेहतीस मिनिटांच्या होत्या. पाचशे भरायच्या होत्या. माझ्याकडे साठच्या होत्या. मी स्क्रू फिरवला.

पण हे कीर्तन नव्हतं. छायाचा आवाज भरदार, खालचा, बाईचा म्हणून कधी ऐकला नव्हता असा. मखमलाबादची माळ्याची पोर. आमच्या आत्याच्या शेजारचा त्यांचा मळा, म्हणून मला दादा म्हणायची. वाफ्यात पाणी धरताना गायची तर विहिरीवरची माणसं काम थांबवायची. पहिली भरलेली कॅसेट मी लावून ऐकली आणि मला कळलं. आवाज चिरका झाला होता. दहा-बारा वर्षांची मुलगी हट्टानं गातेय असा.

मला कळलं होतं. 'लक्षात आलं नाही' असं मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. इथे तरी ते लिहिणार नाही. कळलं होतं आणि मी बाकीच्या चारशे नव्व्याण्णव भरल्या.

२१ नोव्हेंबर

काल अर्धंच लिहिलं. पुढचं त्याहून वाईट आहे.

कॅसेट आली आणि लोक हसले. पेपरात कोणीतरी दोन ओळी लिहिल्या, त्यात 'पिपाणी' हा शब्द होता. तोच चिकटला. गॅदरिंगला पोरं ओरडायची, "पिपाणी, पिपाणी!" आणि स्टेजवर तिचा खरा आवाज लागला की म्हणायची, कॅसेटमधली कुठाय, ही कोण? मग एका कार्यक्रमात चंदरनं सगळी गाणी पेटीवरच्या अर्ध्या पट्टीनं वर घेतली. का घेतली कोण जाणे. तिसऱ्या गाण्यात छायाचा आवाज फाटला. शिट्ट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मोगऱ्याच्या पाट्या बाजारात उतरवून तशीच आली होती, हातांना ओली माती. स्टुडिओत तासावर भाडं, त्यामुळे गाऊन झाल्यावर ऐकायला थांबलेच नव्हते ते. स्वतःचा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तो माझ्या कॅसेटवर.

"कुंदनदादा, खरं सांग. माझा आवाज असा आहे?"

मूळ कॅसेट तिथेच मशीनमध्ये होती. स्क्रू जागेवर आणून बटण दाबलं असतं की संपलं असतं. पण पाचशे कॅसेट माझ्या डोक्यावर पडल्या असत्या, चंदरनं दुकानात येऊन तमाशा केला असता, बाजारात नाव गेलं असतं. मी म्हणालो, "स्वतःचा आवाज सगळ्यांना वेगळाच वाटतो गं. मशीन खोटं बोलत नाही."

ती "बरं" म्हणाली. एवढंच, "बरं". दोन महिन्यांत नांदगावला तिचं लग्न झालं आणि दगडफूलमध्ये चंदर स्वतः गायला लागला.

२८ नोव्हेंबर

स्नेहल पुन्हा आली. माझ्यासाठी नाशिक रोडचा चिवडा घेऊन आली, पोर गुणाची आहे. तबकडीबरोबर एक छोटी पुस्तिका देणार आहेत, त्यासाठी माहिती विचारत होती.

"काका, एक कोडं आहे. सगळ्या गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा अर्धी पट्टी वर लावलेली आहे. असं कोणी करत नाही. मुद्दाम केलं होतं का?"

मी म्हणालो, "हो. तेव्हा चंदरचा तसा हट्ट होता."

तिनं ते लिहून घेतलं! वर म्हणाली, "ग्रेट! आणि छायाताईंचा आवाज... आमच्या ग्रुपमध्ये सगळे वेडे झालेत. इतका निरागस, लहान मुलीसारखा. तीच तर या कॅसेटची जादू आहे."

ती गेल्यावर मी मनाशी म्हटलं, बघ, लोकांना आवडतंय. दोष राहिलाय कुठे? उगाच जुनं उकरून कोणाचं भलं होणार? छायाचं चांगलं चाललंय. नांदगावच्या पेठेत बी-बियाण्यांचं दुकान आहे, मुलगा इंजिनियर झाला, मुलगी दिली. सुखी आहे. तिला तरी कशाला त्रास?

हे लिहिताना बरं वाटलं. वाचताना वाटत नाही.

३ डिसेंबर

विशेष काही नाही. थंडी. खोकला. चार्जर परत करायला तीन जण आले.

८ डिसेंबर

आज दुकान बंद ठेवून माळ्यावर चढलो. मीना खालून ओरडत होती, या वयात हाडं मोडून घ्यायचीत का! बिस्किटांचा डबा काढला, जुना डेक काढला. डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबर झालेलं. स्पिरिट आणि कापूस घेऊन दोन तास बोटं काळी केली. नवा बेल्ट मेन रोडवर एकाकडे मिळाला. तो म्हणाला, काका, हे घेणारे तुम्ही या वर्षातले दुसरे. स्क्रू बरोबर जागेवर लावला, घड्याळ धरून तीनदा तपासला. मग पहिली बाजू लावली.

काय लिहू?

मीना स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. पहिलं गाणं अर्धं झालं आणि ती हातात जुडी घेऊनच दारात आली. "कोण बाई गातेय हो? किती दमानं गातेय."

मी म्हणालो, छाया.

"कोण, तुमची ती मखमलाबादची? पण तिला तर..." आणि थांबली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा न खपलेल्या दीडशे कॅसेट पलंगाखाली होत्या. त्यातल्या एकीवर तिनं बारशाची गाणी भरून घेतली होती. तिला तो आवाज माहीत आहे. मी सगळं सांगितलं.

शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "ती विचारायला आली तेव्हा तरी तिला सांगायचंत," एवढंच म्हणाली आणि मेथी निवडायला परत गेली. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

११ डिसेंबर

चंदरला फोन लावला. आधी मॅनेजर, मग बायको, मग साहेब स्वतः.

सांगितलं तर हसला! "अरे कुंद्या, गिटार वाजवणाऱ्याला अर्धी पट्टी कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर कार्यक्रमात वर घेतली गाणी, कॅसेटसारखी वाटावी म्हणून."

मी विचारलं, मग मला बोलला का नाहीस?

"तिच्या घरचे तिला असंही जास्त दिवस गाऊ देणार नव्हते. मलाही गायचं होतंच. झालं ते बरंच झालं की! आता लोकांना कॅसेट जशी आहे तशी आवडतेय, तू नको तिथे बोट घालू नकोस. ती मूळ कॅसेट टाकून दे."

फोन ठेवला. म्हणजे मी एकटाच नाही! अर्धं पाप त्याचं! चहा मागितला, दोन बिस्किटं जास्त खाल्ली. मीनाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तिनं विचारलं होतं कोणाला? त्याला का तुम्हाला?"

मेल्या बाईला नेमकं कळतं.

२९ डिसेंबर

आज जायचं ठरवलं होतं. नाही गेलो. पाठ दुखत होती. खोटं. पाठ दुखत नव्हती.

५ जानेवारी

नांदगावहून आत्ताच आलो. पाय सुजलेत, पण आजच लिहायला हवं.

पुतण्याकडून ती कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली होती. नाशिक रोडला गाडीत बसलो. मनमाड जाईपर्यंत काय बोलायचं ते चार प्रकारे पाठ केलं. एकही कामी आलं नाही.

दुकान पेठेतच, मोठं आहे. छाया गल्ल्यावर बसली होती, चष्मा, अंगावर शाल. मला बघून उठली. "अगं बाई! कुंदनदादा! ये, ये. अरे, चहा सांगा रे." साळूकाकूच्या, म्हणजे तिच्या आईच्या दहाव्यानंतर आज भेटलो होतो. त्याला तीन वर्षं झाली. रामकुंडावर मी तिच्या शेजारी तासभर उभा होतो.

चहा येईपर्यंतही मला दम धरवला नाही. एका दमात बोलून टाकलं. स्क्रू, एकतीस मिनिटं, मशीन, सगळं. ती कांद्याच्या बियाण्याची पाकिटं लावत होती. लावत राहिली. झाल्यावर म्हणाली, "दे इकडे."

मोबाइल कानाला लावून ती आतल्या बाजूला पोत्यावर बसली, भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाईक आलं. ती उठली नाही. मीच विचारून विचारून भेंडीचं बी दिलं, मेथीचं दिलं. एकाला पालकाऐवजी चाकवत दिला बहुतेक. पूर्ण तेहतीस मिनिटं ती तशीच बसून होती. दुसरी बाजू लावू का विचारलं तर हातानं नको म्हणाली.

चष्मा पुसला. म्हणाली, "पोरांना झोपवतानासुद्धा मी कधी गायले नाही, दादा. नुसती थोपटायचे. सासूबाई म्हणायच्या, ही कसली मुकी आई."

मी म्हणालो, छाया, चुकलं माझं. हात जोडले. तिनं ते बघितले नसावेत.

"तुला एक माहीत नाही," ती म्हणाली. "ती कॅसेट मी घरी लावली तर आई म्हणाली, हे कोण गातंय? म्हटलं, मी. तर म्हणे, चल, मला येडी समजतेस का? माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाय? दुसरी कुणी तरी घातली त्यांनी. लय भांडली ती. चंदरकडं जाते म्हणाली, पेपरवाल्याकडं जाते म्हणाली. मलाच लाज वाटायला लागली तिची. मी तुझ्याकडं आले, तुला विचारलं. घरी जाऊन तिला सांगितलं, आई, गप बस आता. तुला काय कळतं त्यातलं? मशीन खोटं बोलत नाही."

मला तिथे बसवेना आणि उठताही येईना.

"गप बसली मग. परत कधी विषय नाही काढला. मी माहेरी गेले की चुलीपाशी बसून नुसती बघायची माझ्याकडं. मला वाटायचं, रागावलीय. मरेपर्यंत मी तिला अडाणी समजले रे."

मी म्हणालो, मला माफ कर.

ती म्हणाली, "मी काय करू माफ? दहाव्याला आला होतास ना? त्याच्या पंधरा दिवस आधी ती शुद्धीवर होती. तेव्हा यायचं होतंस."

मग तिनं नोकराला सांगून मला स्टेशनपर्यंत गाडीवर सोडायला लावलं. निघताना म्हणाली, "त्या मुलीला खरी कॅसेट दे. आणि पुस्तिकेत तू काय केलंस ते तुझ्या हातानं लिही. माझं कौतुक नको लिहू. आईचं खरं होतं, ते लिही."

गाडीत खिडकीशी बसलो. शेजारी एक जण द्राक्षाच्या भावाबद्दल बोलत होता, मी हो हो करत होतो. तिनं निदान गाडीवर सोडायला लावलं, म्हणजे फार रागावलेली नसावी, असं वाटतंय. मीनाला हे सांगितलं. ती माझ्या पायांसाठी पाणी तापवायला उठली.

६ जानेवारी

सकाळीच स्नेहलला बोलावून डबा हातात दिला. गिटारीबद्दलही खोटं बोललो होतो तेही सांगितलं. तिनं दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटं ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यावर चिडलीही. "काका, आम्ही सगळे ज्याला जादू म्हणत होतो ते तुम्ही... " बरोबर आहे तिचं.

चंदरचा फोन आला होता. उचलून सांगितलं, कॅसेट दिली. त्यानं शिवी दिली. मीही दिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

८ जानेवारी

दोन दिवस पुस्तिकेसाठीचंच लिहितोय. पहिल्या कागदावर 'तांत्रिक कारणामुळे' असं आलं. फाडला. दुसऱ्यावर 'त्या काळी सगळेच दुकानदार'. फाडला. तिसऱ्यावर 'नकळत'. मीनानं वाचून नुसतं बोट ठेवलं त्या शब्दावर. फाडला. चौथ्यावर चंदरचं नाव तीनदा आलं होतं. तिनं काही म्हणायच्या आत मीच फाडला.

आता हे राहिलं, ते इथे उतरवून ठेवतो:

'१९८९ साली या कॅसेटच्या पाचशे प्रती मी भरल्या. स्वस्त कॅसेटमध्ये बसवण्यासाठी मी मशीनचा वेग वाढवला. त्यामुळे छाया यांचा आवाज बदलला. ते मला पहिल्याच प्रतीला कळलं होतं. त्या मला विचारायला आल्या तेव्हा मी खोटं बोललो. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. हा आवाज माझ्या मुलीचा नाही, असं त्यांच्या आईनं, साळूबाईंनी, तेव्हाच सांगितलं होतं. त्यांचं खरं होतं. – कुंदन, द्वारका, नाशिक.'

स्नेहलला पाठवलं. तिनं विचारलं, "काका, छापण्याआधी छायाताईंना वाचायला पाठवू का?" पाठव म्हटलं.

१० जानेवारी

काल दिवसभर काही नाही. दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होतो. गिऱ्हाइकाला कव्हर उलटं घालून दिलं. काय लिहील, याचे नाना विचार. 'जाऊ दे दादा' असं लिहील, असंही एकदा वाटलं.

आज दुपारी स्नेहलनं छायाचं उत्तर मला पुढे पाठवलं. एकच ओळ आहे.

'आईचं नाव पूर्ण घाला, साळूबाई चिमाजी, मखमलाबाद. बाकी बरोबर आहे.'

खाली-वर करून पाहिलं. आणखी काही नव्हतं. मी कागद घेतला आणि नाव पूर्ण केलं.